छत्रीची पोथी

खजरान्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन परत येताना आनंदीबाई टांग्यातून उतरल्या त्या थेट जमिनीवरच, आणि उजव्या पायाची नडगी मोडून बसल्या. टांगा उभा होता, घोडा शांत होता, पायरी कोरडी होती. दोष द्यायला कोणीच नव्हतं आणि याचंच त्यांना जास्त दुःख झालं. परदेशीपुऱ्यातल्या त्या चाळीत दोष कोणाला द्यायचा हे ठरवण्याचं काम आजवर त्यांच्याकडेच असे.

त्यांचे यजमान संताजीराव होळकरांच्या फौजेत होते. पुढे फौज गेली, संस्थान गेलं, नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानीचा मान भोपाळने नेला. संताजीरावही गेले. आनंदीबाईंचा आवाज तेवढा फौजेतला राहिला. त्या ओट्यावर बसून वाती वळायला लागल्या की नळावरची भांडणं आपोआप मिटत. मुलगा नंदू मिलच्या साचेखात्यात मागांवर कामाला होता. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात राहूनही आईच्या एका हाकेला तो दचकायचा.

आणि सून जया. देवासच्या एका मराठी मास्तरांची मुलगी, अबोल, कामाला चोख, आणि पुस्तकांची इतकी वेडी की भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकायची नाही. आनंदीबाईंना वाचनाचं वावडं होतं. स्वतःला अक्षर येत नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. "पुस्तक वाचून काय पोळी फुगते?" असं त्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या आणि जयाने तो विषय संपवला. म्हणजे उघडपणे संपवला. नंदू बिचारा पाळी सुटल्यावर वाचनालयातून पुस्तक घ्यायचा, डब्याच्या पिशवीत लपवून आणायचा, आणि जया ते तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची. सासूबाईंचा दुपारी डोळा लागला की पुस्तक बाहेर यायचं. चोरून दूध पिणाऱ्या मांजराला जो धाक असतो तोच तिलाही होता, आणि गोडीही तीच.

सासूबाई पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडल्या आणि ही दुपारही गेली. पडल्या पडल्या त्यांना झोप येईना. वाती वळून वळून पुढच्या वर्षापर्यंतच्या झाल्या. जनाबाई, शारदा वगैरे शेजारणी येऊन बसायच्या, पण त्यांच्याही बातम्या संपल्या. एक दिवस आनंदीबाई डोळे मिटून अगदी निपचित पडल्या होत्या. जयाला वाटलं, लागला डोळा. तिने पुस्तक काढलं. वाचताना ओठ हलवायची आणि रंगात आली की पुटपुटायची तिला लहानपणापासून खोड होती.

"कसलं स्तोत्र म्हणतेस गं?" खाटेवरून आवाज आला.

जयाच्या हातून पुस्तक पडता पडता राहिलं. कव्हर केव्हाच गळालेलं, खाकी कागद घातलेलं, कडा पिवळ्या पडलेलं ते पुस्तक. "पोथी आहे," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस पहिलंच खोटं फार मोठं बोलून बसतं.

"मग मनातल्या मनात काय वाचतेस? पोथी मोठ्याने वाचायची असते. अन् मधूनच नको, पहिल्यापासून वाच. आधी समई लाव."

आता समई लावल्यावर माघार कशी घेणार? जयाने पदर सावरला आणि सुरुवात केली. पहिल्याच प्रकरणात मुसळधार पावसाच्या रात्री रावसाहेब नावाचे एक श्रीमंत गृहस्थ आपल्या बंगल्यात मरून पडले.

"पोथीत खून?" आनंदीबाईंनी डोळे उघडले.

"महाभारतात नाहीत का, आई?"

"ते खरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले. "पुढे वाच."

झालं, त्या दिवसापासून दुपारी पोथी लागू लागली. आनंदीबाईंचे नियम कडक. समई, उदबत्ती, अध्याय अर्धा सोडायचा नाही, मध्ये कोणी बोलायचं नाही. मात्र अध्याय संपला की बोलायला मोकळीक होती, आणि मग जी चर्चा व्हायची ती चाळीच्या टोकाच्या नळापर्यंत ऐकू जायची. रावसाहेबांची तरुण विधवा भावजय मालती, तिच्यावर खुनाचा आळ आलेला. आनंदीबाई पहिल्यापासून मालतीच्या बाजूने. त्यांचा संशय घरच्या डॉक्टरवर. "तो मेला गोड बोलतो. जास्त गोड बोलणारा डॉक्टर अन् जास्त रंगीत मिठाई, दोन्हीपासून लांब राहावं."

"बिल्कुल," जनाबाई म्हणायच्या. "पण आनंदीबाई, तो मुनीम पण काही कम नाही हां. सही में, त्याची नजर चांगली नाही."

"मुनीम डरपोक आहे. डरपोक माणूस चोरी करतो, खून नाही करत."

जया ऐकत राहायची आणि मनातून थक्क व्हायची. जिला अक्षर येत नाही तिने प्रत्येक पात्राची नाडी धरलेली. कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं होतं, दिवा कोणत्या हातात होता, सगळं मुखोद्गत. जया स्वतः एका दमात पुस्तकं संपवणारी, मागचं विसरून पुढे धावणारी. वाचायला आपल्याला येतं आणि ऐकायला यांना, असं तिला वाटू लागलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला सासूबाई आवडू लागल्या होत्या, आणि याचं तिलाच नवल वाटत होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा श्रावण लागला होता. हाड नीट सांधलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पाय टाका, थोडं थोडं चाला. नाहीतर गुडघा आखडेल आणि मग जन्मभर आखडलेलाच राहील. आनंदीबाईंनी मान डोलावली, घरी आल्या आणि खाटेवर पडल्या त्या उठायचं नाव घेईनात. पाय खाली सोडायचा म्हटलं की चेहरा पांढरा व्हायचा.

"आई, डॉक्टरसाब बोलले ना, हड्डी एकदम जुडली आहे," नंदू गयावया करायचा.

"त्यांना बोलायला काय जातं? पाय माझा आहे."

साऱ्या चाळीला धाकात ठेवणारी बाई फरशीला घाबरत होती. जयाला ते बघवत नव्हतं. दिवस जात होते आणि गुडघा खरंच ताठ होऊ लागला होता. एकदा सगळ्यांनी मिळून फारच धोशा लावला तेव्हा आनंदीबाई जनाबाईंच्या देखत म्हणाल्या, "पोथी चालू आहे. पोथी पुरी झाली की समाप्तीच्या दिवशी मी पाय टाकीन. तोवर कोणी या विषयावर बोलायचं नाही." जनाबाईंनी लगेच हात जोडले. पोथीवर घेतलेली शपथ म्हणजे दगडावरची रेघ.

जयाला हायसं वाटलं. शेवटची थोडीच पानं राहिली होती. पोळ्या लाटायच्या आधी तिने सहज पुस्तकाचा शेवट उघडून पाहिला. शेवट नव्हताच. न्यायालय भरलं आहे, वकील उठून उभे राहिले आहेत, आणि पुढची पानं मुळापासून फाटलेली.

नंदूला तिने वाचनालयात पिटाळलं. तो हात हलवत परत आला. दुसरी प्रत नव्हती. "ग्रंथपाल लक्ष्मणराव म्हणाले, भिया, ही किताब तर कधीपासून अशीच आहे, कोणी कंप्लेंट नाही केली." आता सांगावं तर पोथी अपुरी, पोथी अपुरी तर शपथ बाद, आणि शपथ बाद तर पाय तसाच. आणि हे सगळं का? तर आपण घाबरून एका रहस्यकथेला पोथी म्हणालो म्हणून. जयाने कणीक मळता मळता ठरवलं, शेवट आपणच रचायचा.

दोन दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. वरणात मीठ दोनदा पडलं. पण शेवट जमला. सासूबाईंना हवा तसाच जमला. डॉक्टर भर न्यायालयात कोसळतो, कबुली देतो, मालती सुटते, आणि ज्यांनी तिला नावं ठेवली ते माना खाली घालतात. स्वतःशी म्हणून पाहताना जयाच्याच डोळ्यांत पाणी आलं.

समाप्तीला आनंदीबाईंनी शिरा करायला लावला. जनाबाई, शारदा, पलीकडची गेंदाबाई, सगळ्या पदर घेऊन बसल्या. खाटेच्या शेजारी नंदूने नवी काठी आणून ठेवली होती. जयाने शेवटचं उरलेलं पान वाचलं आणि न थांबता, नजर पानावर ठेवून, पुढे आपलं सुरू केलं. आवाज सुरुवातीला कापत होता, मग लागला. डॉक्टर कोसळला तेव्हा गेंदाबाईने "वाह रे म्हारी बाई!" म्हणून मांडीवर थाप मारली. मालती सुटली. शारदा डोळे पुसू लागली. जयाने पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं.

सगळ्यांनी हात जोडले. आनंदीबाईंनी जोडले नाहीत.

"पान उलटलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"इतका वेळ वाचलंस. एकदाही पान उलटल्याचा आवाज आला नाही. अन् छत्री?"

"कोणती छत्री?"

"रावसाहेबांच्या खोलीत कोपऱ्यात ओली छत्री होती. तिसऱ्या अध्यायात. त्या रात्री घरातलं कोणी बाहेर गेलं नव्हतं, सगळ्यांनी सांगितलं. मग छत्री ओली कशी झाली? इतके दिवस मी ती छत्री डोक्यात घेऊन पडलेय. ज्याने ती पोथीत ठेवली तो विसरायचा नाही."

जया छत्री साफ विसरली होती. तिचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "पानं फाटलेली आहेत," ती कशीबशी म्हणाली. "शेवट मी रचला. तुम्ही उठावं म्हणून."

"हे राम! अधूरी पोथी!" जनाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अन् तिच्यावर शपथ घेतलेली!"

आनंदीबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. काठी जिथल्या तिथे राहिली. बायकांनी हळू आवाजात चुकचुकत शिरा खाल्ला. कोणीही तो नाकारला नाही, हेही सांगितलं पाहिजे. जया स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला वाटलं, आपल्या एका खोट्याने यांचा पाय गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समई लागली नाही. पाऊस उघडला होता. जया उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. आतून खाट करकरली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला, आणि पुन्हा एकदा आला. जयाने मागे वळून पाहिलं. आनंदीबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. कपाळावर घाम, हनुवटी थरथरतेय, पण उभ्या.

"बघत काय राहिलीस? चपला दे."

"आई, पाय..."

"पाय जागेवर आहे. दुखतोय. दुखू दे."

"पण कुठे जायचंय?"

"वाचनालयात. छत्रीचं विचारायला."

जयाच्या मांडीवरचं सूप खाली पडलं आणि तांदूळ घरभर झाले. आनंदीबाई त्यावरून तिला एका शब्दानेही टाकून बोलल्या नाहीत, यावरून त्यांचं लक्ष कुठे होतं ते समजावं. जयाचा खांदा एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन त्या निघाल्या. चाळ बाहेर लोटली. जनाबाई धावत आल्या. "आनंदीबाई! पोथी पुरी नाही झाली अन् तुम्ही उठलात?"

"पुरी करायलाच उठलेय. सरक बाजूला."

वाचनालय काही लांब नव्हतं, दोन गल्ल्या पलीकडे, गणपती मंडळाच्या खोलीत. पण त्या दिवशी ते उज्जैनइतकं दूर वाटलं. लिंबाच्या झाडाखाली आनंदीबाई थांबल्या. श्वास चढला होता. जयाला वाटलं, आता परत फिरू म्हणतील.

"माझी आई अशीच पडली होती," त्या समोर बघत म्हणाल्या. "ती पुन्हा उठलीच नाही. टांग्यातून पडले तेव्हा मला हाडाचा आवाज आला, अन् वाटलं, आली माझीही पाळी. ते डोक्यातून जाईना. पोथीची शपथ घेतली ती उठायसाठी नाही गं. दिवस ढकलायला घेतली."

सासूबाई असं काही बोलतील हे जयाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

"चूक माझीच आहे, आई," ती शेवटी म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच खोटं बोलले. ती पोथी नाही."

आनंदीबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून सांगितलं. "कोणत्या पोथीत छत्री असते गं? अन् डॉक्टर? मला अक्षर येत नाही, अक्कल येते. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग समई? उदबत्ती?"

"नुसती गोष्ट म्हटली असती तर जनाबाई मधे पापडाचं पीठ घेऊन आली असती, शारदाने पोर तुझ्या मांडीवर दिलं असतं. अन् मीच तुला दळणाला पाठवलं असतं, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पोथी म्हटल्यावर कोणाची हिंमत आहे तुला उठवायची? चल आता, उभं राहून पाय जास्त दुखतो."

वाचनालयात लक्ष्मणराव ग्रंथपाल टेबलापाशी डुलक्या घेत होते. आनंदीबाईंच्या एका "अहो"ने ते ताठ झाले. खिडकीजवळ अप्पासाहेब वर्तमानपत्र वाचत बसले होते. सियागंजातल्या एका पेढीवर जन्म काढून आता सकाळ-दुपार इथेच बसणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी उठून खुर्ची दिली. आनंदीबाईंनी टेबलावर ते खाकी पुस्तक ठेवलं आणि फिर्याद मांडली.

"पानं नाहीत तर नाहीत, बाईजी," लक्ष्मणराव म्हणाले. "मी आलो तेव्हापासून नाहीत."

"बघू," अप्पासाहेबांनी पुस्तक हातात घेतलं, थोडं चाळलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, ही तर मी वाचलीय! आख्खी होती तेव्हा. रावसाहेबांचा खून, ओली छत्री..."

"थांबा," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, दुखरा पाय हाताने उचलून सरळ ठेवला, आणि हात जोडले. "हं. आता सांगा."

"सोपं होतं हो. त्या पावसात डॉक्टर आला, काम उरकलं, अन् घाईत निघताना कोपऱ्यातली रावसाहेबांची कोरडी छत्री उचलून गेला. आपली ओली तिथेच राहिली. छत्री बदलली अन् पकडला गेला."

आनंदीबाई जयाकडे वळल्या. तो चेहरा जया पुढे आयुष्यभर विसरली नाही. "म्हणजे डॉक्टरच! तू रचलंस ते खरंच निघालं की. कोर्टातलं तर तू याच्यापेक्षा चांगलं केलंस. छत्री तेवढी राहिली होती." त्यांनी पदराच्या गाठीतून साखर काढली, जयाच्या हातावर ठेवली, मग अप्पासाहेबांच्या, मग लक्ष्मणरावांच्या. समाप्ती झाली.

"आता दुसरी द्या," त्या म्हणाल्या.

जयाने कपाटातून एक जाडसं पुस्तक निवडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूबाईंच्या देखत पुस्तक निवडत होती.

"आण इकडे." आनंदीबाईंनी ते उलट्या बाजूने उघडलं. मडकं घेताना बूड वाजवून बघावं तसं शेवटचं पान चिमटीत धरून ओढून पाहिलं. "समाप्त कुठे लिहिलंय, दाखव."

जयाने बोट ठेवलं. त्यावर आनंदीबाईंनी आपलं बोट ठेवलं आणि त्या अक्षरांकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"ठीक आहे. अन् हे तांदळाच्या डब्यात ठेवू नकोस. भाताला जुन्या कागदाचा वास येतो. लग्न झाल्यापासून खातेय."

आनंदीबाई काठी टेकून उठल्या. जयाने सवयीने खांदा पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हात मोकळा नाही." आणि पुस्तक छातीशी धरून त्या पायरी उतरल्या.